घसारा : वहीतला आणि इंजिनातला

जमाखर्चाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना 'घसारा' हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वर्षअखेरीस ताळेबंद तयार होताना यंत्रसामग्री, फर्निचर आणि वाहने यांच्या किमतीतून ठरावीक टक्के रक्कम वजा होते व मालमत्तेची नवी किंमत वहीत येते. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारगाडीवर आयकराच्या नियमांनुसार घटत्या शिल्लक पद्धतीने वर्षाला १५ टक्के घसारा धरला जातो. ६० लाखांना घेतलेली गाडी पहिल्या वर्षअखेरीस वहीत ५१ लाखांची होते, दुसऱ्या वर्षअखेरीस ४३ लाख ३५ हजारांची आणि पाचव्या वर्षअखेरीस सुमारे २६ लाख ६२ हजारांची. ही वजाबाकी गाडी कोणी चालवली, कशी चालवली, याची चौकशी करत नाही. ती फक्त वर्षे मोजते.

परंतु बॉनेटखाली आणखी एक घसारा चालू असतो. त्याचा दर कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो चालकाच्या सवयीवर ठरतो. बँकेच्या सेवेत वाहनकर्जाची प्रकरणे हाताळताना आम्ही गाडीचे वय, किलोमीटरचा आकडा आणि विमा पाहत असू. इंजिनाची प्रकृती लिहिण्यासाठी अर्जात रकाना नसे. निवृत्तीनंतर यंत्रशास्त्राचे वाचन करण्यास सवड मिळाली, तेव्हा ध्यानात आले की गाडीची खरी किंमत याच नसलेल्या रकान्यात दडलेली असते, आणि उच्च क्षमतेच्या गाड्यांच्या बाबतीत तर ती विशेषच दडलेली असते.

आज हा विषय आपल्या घरांपासून दूर राहिलेला नाही. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ या गाडीच्या अवघ्या २०० प्रती भारतासाठी आणल्या. २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूने एम ३४० आय ही ३८७ अश्वशक्तीची गाडी चेन्नईच्या कारखान्यात जोडून बाजारात आणली. पेढी सांभाळणारी नवी पिढी अशा गाड्या घेते, आणि मग घरात एक ठरलेला वाद सुरू होतो. वडील म्हणतात, "गाडी जपून चालव, उगाच रेस करू नकोस." मुलगा म्हणतो, "हळूच चालवायची होती तर एवढी ताकद कशाला घेतली, पप्पा?" इंजिनाला विचारले तर ते दोघांनाही अर्धे गुण देईल. कारण चालकाचे वय किंवा गाडीचा वेग याआधी इंजिन एकच प्रश्न विचारते : माझे तेल तापले आहे का?

दोन गाड्यांचा हिशेब

एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्यांची कल्पना करू. दोन्ही तीन वर्षांच्या आहेत. पहिली १२,००० किलोमीटर चालली आहे, दुसरी ४०,०००. विकायला काढल्यास बाजारात पहिलीला जास्त भाव मिळेल. "कमी चाललेली आहे" एवढे एक वाक्य गिऱ्हाइकाला पुरते.

आता थोडे खोलात जाऊ. पहिली गाडी घर ते दुकान अशा ४ किलोमीटरच्या फेऱ्या मारते. सकाळी दुकान, दुपारी जेवायला घर, पुन्हा दुकान. शहरातील गर्दीत तिचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर १२,००० किलोमीटरसाठी इंजिन ८०० तास चालले आणि ते ३,००० वेळा सुरू करावे लागले. दुसरी गाडी बहुधा महामार्गावर असते. तिची एक फेरी सरासरी ५० किलोमीटरची आणि वेग ताशी ६० धरला, तर ४०,००० किलोमीटरसाठी इंजिन सुमारे ६६७ तास चालले आणि ते ८०० वेळाच सुरू झाले.

म्हणजे जी गाडी 'कमी चालली' असे आपण समजतो तिचे इंजिन जास्त तास फिरले आहे आणि जवळजवळ चौपट वेळा सुरू झाले आहे. शिवाय ४ किलोमीटरच्या फेरीत ते एकदाही पुरते तापलेले नाही. किलोमीटरचा आकडा हा उलाढालीसारखा आहे. उलाढालीवरून नफा कळत नाही, तसा किलोमीटरवरून झिजेचा अंदाज येत नाही.

तेलाचा पातळ पडदा

ही झीज नेमकी कोठे होते? इंजिनात क्रँकशाफ्ट हा मुख्य दांडा असतो आणि तो बेअरिंगांत फिरतो. चालू इंजिनात हा दांडा बेअरिंगच्या धातूला टेकलेला नसतो. फिरण्याच्या गतीमुळेच त्या दोहोंच्या मध्ये ऑईल खेचले जाते आणि त्याचा पडदा तयार होतो. दांडा त्या पडद्यावर तरंगतो. या पडद्याची जाडी अवघी काही मायक्रॉन असते, आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. तो शाबूत आहे तोवर धातू धातूला लागत नाही आणि झीज नगण्य राहते. लाखो किलोमीटर चाललेली इंजिने उघडल्यावर आतून चांगली निघतात, ती या पडद्याच्या कृपेने.

पडदा तुटण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील बरेचसे ऑईल तळच्या चेंबरमध्ये उतरते. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर पंपाचा दाब सगळीकडे पोहोचेपर्यंत काही क्षण जातात. थंड ऑईल जाड असते व अरुंद वाटांतून सावकाश सरकते. अत्यंत तापलेले ऑईल उलट फार पातळ होते. जुने ऑईल पेट्रोल व पाणी मिसळून निकृष्ट झालेले असते. आणि फेरे कमी असताना भार जास्त पडला, तर पडदा पुरेसा जाड बनतच नाही. चालकाच्या बहुतेक सवयींचे बरेवाईट परिणाम या चार-पाच गोष्टींतून समजतात.

उच्च क्षमतेच्या इंजिनात हा पडदा अधिक कसोटीला लागतो. उदाहरणासाठी बीएमडब्ल्यूची २००० साली आलेली ई ४६ पिढीतील एम ३ घेऊ, कारण या गाडीबद्दल जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचे ३.२ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेते. पिस्टनचा वरखाली होण्याचा टप्पा ९१ मिलिमीटर आहे. हिशेब केला तर ८,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८७ किलोमीटर येतो. आणि एवढ्या वेगात असताना तो मिनिटाला १६,००० वेळा थांबून दिशा बदलतो. या उलटसुलट धावण्यातून दांड्यांवर व बेअरिंगांवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट, तर ताण चौपट. चक्रवाढ व्याज ज्यांना कळते त्यांना या वाढीची जात ओळखीची वाटेल.

पहिली पंधरा मिनिटे

गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा चार-पाच मिनिटांत मध्यावर येतो, आणि इंजिन तापले असे आपण मानतो. पण तो काटा रेडिएटरच्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे तापमान दाखवतो. ऑईल त्याच्या मागे राहते. त्याला ९० ते ११० अंश सेल्सिअस या कामाच्या तापमानापर्यंत पोहोचण्यास साधारणतः दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. सर्वाधिक फसगत या मधल्या वेळात होते.

वर उल्लेखिलेल्या एम ३ च्या निर्मात्यांनी यावर एक सुरेख उपाय योजला होता. फेरे दाखवणाऱ्या घड्याळाच्या कडेला त्यांनी छोटे दिवे बसवले. ऑईल थंड असताना वरच्या फेऱ्यांपुढील दिवे लागलेले राहत, आणि ऑईल जसजसे तापे तसतसा एकेक दिवा विझे. दिवे लागलेल्या भागात काटा नेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनी इंजिन घडवले त्यांनाच पहिल्या काही मिनिटांची एवढी काळजी वाटली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

थंड अवस्थेत आणखी दोन घडामोडी होतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे सिलिंडर बिडाचा असेल तर पिस्टन थंड असताना त्यात थोडा सैल बसतो आणि तापल्यावर नेमका बसतो. सैल पिस्टनवर जोर टाकला की तो सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. दुसरे असे की थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल पुरवतो. त्यातील न जळालेला अंश भिंतीवरील ऑईल धुऊन काढतो आणि रिंगांमधून खाली उतरून चेंबरमधील ऑईलमध्ये मिसळतो.

मग गाडी सुरू करून दहा मिनिटे जागेवरच उभी ठेवावी काय? नाही. जागेवर इंजिन फार सावकाश तापते आणि पेट्रोल मिसळण्याचा काळ लांबतो. उत्तम मार्ग हा की इंजिन सुरू करून अर्धा मिनिट थांबावे, गाडी हलकेच बाहेर काढावी आणि पहिले दहा-पंधरा किलोमीटर पाय मऊ ठेवून, मधल्या फेऱ्यांत चालवावी. गाडीत ऑईलचे तापमान दिसत असेल तर ते पाहावे. दिसत नसेल, तर पाण्याचा काटा मध्यावर येण्यास लागला तेवढाच वेळ आणखी थांबून मग जोर मागावा.

तरुणांच्या सवयी

आता मुलाच्या बाजूला वळू. सकाळी फाटकाशी गाडी सुरू करून जागच्या जागी रेस करणे ही सर्वांत महागडी हौस आहे. ऑईल जाड आहे, पिस्टन सैल आहे, टर्बोच्या दांड्यापर्यंत पुरेसे वंगण पोहोचलेले नाही, आणि आवाजाखेरीज काहीही मिळत नाही.

दुसरी सवय गाडी बंद करतानाची. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरणारे चक्र. ते मिनिटाला एक-दोन लाख फेरे घेऊ शकते, आणि पेट्रोल गाड्यांत त्या वायूंचे तापमान ९०० अंशांच्या वर जाऊ शकते. खंडाळ्याचा घाट पूर्ण जोरात चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानापुढे गाडी थांबवली आणि लगेच इंजिन बंद केले, तर टर्बोतील ऑईलचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र तेथेच राहते. अडकलेले ऑईल भाजून त्याचा कोळसा होतो आणि तो पुढे वंगणाच्या वाटा बुजवतो. अनेक आधुनिक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ कूलंट फिरवणारा विद्युत पंप असतो, त्यामुळे हा धोका पूर्वीइतका उरलेला नाही. तरीही मुक्कामाच्या आधीचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवणे हा फुकटचा विमा आहे.

तिसरी गोष्ट हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांपुरती आहे, पण ती एका क्षणात इंजिनाचे काम काढते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी फेरे ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नयेत अशी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था प्रत्येक आधुनिक इंजिनात असते. ती पेट्रोल अडवते, परंतु चाकांना अडवू शकत नाही. त्याच एम ३ मध्ये तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.६७ आणि दुसऱ्याचे २.५३ आहे. तिसऱ्यात ७,५०० फेऱ्यांवर असताना चौथा टाकायचा तो घाईत दुसरा पडला, तर चाके इंजिनाला ११,००० च्या वर फिरवू पाहतात. ८,००० साठी घडवलेल्या यंत्राला हे सोसत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात, दांडे वाकतात. स्वयंचलित गिअरच्या गाडीत संगणक असा गिअर स्वीकारतच नाही.

हे सांगितल्यावर मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. ऑईल पुरते तापलेले असताना, मोकळ्या रस्त्यावर, वेगाची कायदेशीर मर्यादा पाळून इंजिनाला अधूनमधून वरच्या फेऱ्यांपर्यंत नेणे यात काही गैर नाही. किंबहुना ते हिताचे आहे. अशी इंजिने त्याच कामासाठी घडवलेली असतात. खालच्या गिअरमध्ये फेरे वर जाण्यासाठी वेगाची मर्यादा ओलांडावी लागते असेही नाही.

काटकसरीच्या सवयी

आता वडिलांची पाळी. 'जपून चालवणे' या शब्दांत आपल्याकडे तीन सवयी येतात : लवकर वरचा गिअर टाकून अॅव्हरेज काढणे, गाडी फक्त जवळच्या कामांना नेणे, आणि एरवी ती आच्छादन घालून उभी ठेवणे. उच्च क्षमतेच्या गाडीला या तिन्ही सवयी बाधतात.

चढावर पाचव्या गिअरमध्ये गाडी थरथरते, गिअर मागते, आणि आपण मात्र ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. त्या वेळी फेरे कमी व भार जास्त असल्याने बेअरिंगमधील ऑईलचा पडदा सर्वांत पातळ असतो. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत याहून गंभीर प्रकार घडू शकतो. कमी फेऱ्यांवर मोठा दाब निर्माण झाला असता ऑईलचे सूक्ष्म थेंब किंवा साचलेले कण ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटवतात. हा अवेळी स्फोट पिस्टनच्या रिंगांमधील कडा तोडू शकतो. हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरला की अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२० मध्ये 'एसपी' ही ऑईलची नवी मानके आणली. त्यांत या अवेळी पेटण्यापासून संरक्षण देण्याची कसोटी आहे. ऑईलच्या डब्यावरील ही अक्षरे वाचण्याची सवय ठेवावी. आणि चढ आला की एक गिअर खाली घ्यावा. त्यात जाणारे थोडे पेट्रोल पिस्टनच्या किमतीपुढे काहीच नाही.

जवळच्या फेऱ्यांचा दोष असा की इंजिनातील पाणी बाहेर पडत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. बहुतेक वाफ धुराबरोबर निघून जाते, परंतु थोडी रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरते आणि थंड ऑईलमध्ये तिचे पाणी होते. ऑईल पुरेसे तापून काही वेळ तसेच राहिले तर हे पाणी व मिसळलेले पेट्रोल उडून जाते. रोजच्या ४ किलोमीटरांत ते कधीच उडत नाही. मग ऑईल आंबट होते, गाळ धरते आणि बेअरिंगांना खाऊ लागते. थेट फवारणीच्या इंजिनांत आणखी एक उपद्रव आहे. पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नसल्याने तेथील काजळी धुतली जात नाही. २००५ च्या सुमारास आलेली ऑडीची आरएस ४ ही नामवंत गाडी या काजळीसाठीही तितकीच प्रसिद्ध झाली.

आच्छादनाखालील गाडीची कथा फार वेगळी नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत बॅटरी उतरते, ओलाव्याने धातूच्या उघड्या भागांवर गंज धरतो आणि सील कोरडे पडतात. आठवड्यातून एकदा जागेवर पाच मिनिटे इंजिन चालवण्याची पद्धत तर दोन्ही बाजूंनी तोट्याची : थंड सुरुवातीची झीज पदरात पडते, आणि ऑईल तापतही नाही. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास महामार्गावर नेणे चांगले. पैसा फिरता ठेवावा, हा व्यापारातला नियम येथेही लागू पडतो.

इंजिनाचे पासबुक

कर्जदाराची परतफेडीची शिस्त आज सिबिल अहवालात दिसते. इंजिनाचीही अशी नोंद होते, हे थोड्यांना ठाऊक आहे. पोर्शे ९११ च्या ९९७ या पिढीतील संगणक मर्यादेबाहेर गेलेल्या फेऱ्यांची सहा टप्प्यांत नोंद ठेवतो. कोणत्या टप्प्यात किती वेळा, आणि शेवटचे कधी, म्हणजे इंजिन किती तास चालले असताना, हे त्यात वाचता येते. खालच्या टप्प्यांतील नोंदी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चालवल्याच्या असतात व त्यांचे फारसे भय नसते. वरच्या टप्प्यांतील नोंद म्हणजे चुकीचा गिअर पडल्याची साक्ष. परदेशांत अशा जुन्या गाडीचा व्यवहार करताना जाणकार गिऱ्हाईक हा अहवाल आधी मागतो. तेथेही प्रत्येक नोंदीने गाडी बाद होत नाही. जुन्या घटनेनंतर इंजिन शेकडो तास नीट चालले असेल, तर ते सावरलेल्या खात्यासारखे समजले जाते.

दुसरे पासबुक म्हणजे खुद्द ऑईल. बदलताना काढलेल्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला की त्यात किती लोह, तांबे, शिसे, ॲल्युमिनियम उतरले आहे ते कळते. लोह वाढले तर सिलिंडर, क्रँकशाफ्ट यांसारख्या पोलादी व बिडाच्या भागांकडे पाहावे, शिसे व तांबे वाढले तर बेअरिंगांकडे. सिलिकॉन वाढले असेल तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जात आहे. आपल्याकडील धुळीतील वाळूचे कण इंजिनाच्या बहुतेक धातूंपेक्षा कठीण असतात. आवाज वाढावा म्हणून मूळ फिल्टर काढून उघड्या जातीचा फिल्टर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सगळा दोष चालकाचा नव्हे

येथे एक मर्यादा मान्य करावी लागेल. उत्तम सवयींनीही काही दोष टळत नाहीत. ज्या एम ३ चे उदाहरण वर घेतले, तिच्या २००१ ते २००३ मधील अनेक गाड्यांच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग कंपनीने मोहीम काढून बदलून दिल्या. तो दोष मालकांच्या पायाचा नव्हता. म्हणून अशी गाडी घेण्यापूर्वी त्या विशिष्ट बनावटीचे ज्ञात दोष माहीत करून घेणे हे कर्जापूर्वी तारणाचे कागद तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

सवय या दोषांचा वेग कमी-जास्त करते. सैल बेअरिंग थंड ऑईलवर ८,००० फेऱ्यांना नेली तर लवकर जाईल. तापल्यावर, योग्य ऑईलवर चालवली तर दोष उघड होऊन दुरुस्त करण्यास वेळ मिळेल.

जुनी गाडी घेताना

उच्च क्षमतेची जुनी गाडी आपल्याकडे आता बऱ्यापैकी विकली जाते आणि नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाली की मोह होतो. त्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गाडी पूर्ण थंड असताना पाहायला जावे आणि इंजिन आपल्यासमोर सुरू करवावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिनाची खडखड आणि निळसर धूर पुष्कळ काही सांगतात.

दुसरी, सर्व्हिसची कागदपत्रे तारखेसह पाहावीत. किलोमीटर थोडे असले तरी ऑईल वर्षातून एकदा बदलले आहे का? "चाललीच नाही म्हणून बदलले नाही" हे उत्तर आले तर सावध व्हावे.

तिसरी, किलोमीटरच्या आकड्याबरोबर फेऱ्यांचे स्वरूप विचारावे. गाडी कोठून कोठे जात असे, रोज किती वेळा सुरू होत असे. जेथे संगणकातून इंजिनाचे एकूण तास वाचता येतात, तेथे किलोमीटरला तासांनी भागावे. सरासरी वेग ताशी १५ आला तर गाडीने गर्दी सोसली आहे, ५० आला तर महामार्ग पाहिला आहे.

चौथी, इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी संगणकात फेरफार केला आहे का, हे स्पष्ट विचारावे. वाढलेल्या दाबाने झीज वाढते, आणि अशा गाडीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

एक छोटी वही

नवी गाडी असेल तर पहिल्या दिवसापासूनचे नियम निर्मात्याने पुस्तिकेत दिलेले असतात. एम ३ साठी पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत ५,५०० फेरे आणि ताशी १७० किलोमीटर ही कमाल मर्यादा होती, व त्यानंतर लगेच ऑईल बदलण्यास सांगितले होते. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, परंतु ती चार पाने गाडी घेणाऱ्याने आणि ती चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाने वाचावीत. कोणत्या दर्जाचे पेट्रोल घालावे हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस बहुधा लिहिलेले असते, तेही वाचावे.

याखेरीज एक सूचना. आपल्या घरांत वहीचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. गाडीसाठी अशीच एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, ऑईलची पातळी, किती ऑईल घातले, शेवटचा लांबचा प्रवास कधी झाला, एवढे पाच रकाने पुरेत. दर महिन्याला पाच मिनिटे लागतात. पातळी वेगाने उतरू लागली किंवा उलट वाढू लागली तर ती नोंद वेळेवर बोलते, कारण वाढणारी पातळी म्हणजे ऑईलमध्ये पेट्रोल उतरत आहे. लांबच्या प्रवासाचा रकाना तीन आठवडे रिकामा राहिला, तर रविवारी गाडी महामार्गावर न्यावी. वडिलांनी आणि मुलाने ही वही आळीपाळीने लिहावी. कोण कशी चालवतो, याचा वाद आकड्यांवर आला की बहुधा मिटतो.

आणि गाडी विकण्याची वेळ येईल तेव्हा ही वही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. आयकराच्या घसाऱ्याने गाडी कागदावर २६ लाखांवर आणली असेल. तिच्या इंजिनाची बाकी किती शिल्लक आहे, ते मात्र या वहीतच वाचता येईल.